अण्णांचा टिलर आणि इंजिनाची वही

गेला महिनाभर इथे काही लिहिणं झालं नाही. दोघाचौघांनी इमेलवर विचारणा केली, धाकट्या बहिणीच्या नातवाने तर "आजोबा, तब्येत बरी आहे ना?" म्हणून फोनच केला. तब्येत उत्तम आहे. कारण वेगळं होतं. महिनाभर आमच्या शेडमध्ये अण्णांचा टिलर उघडा पडला होता, आणि सायकलची चेन चढवण्यापलीकडे ज्याने आयुष्यात यंत्राला हात लावला नाही असा मी, त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो.

परदेशातल्या नातलगांसाठी आधी टिलर म्हणजे काय ते सांगतो. तुमच्याकडे घराच्या आवारातलं गवत कापायला बसायचा छोटा ट्रॅक्टर असतो ना, त्याचा हा जपानी चुलतभाऊ. याला दोनच चाकं. पुढे एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, मागे माती भुसभुशीत करणारी फिरती पाती, आणि दोन लांब दांड्या धरून माणूस मागून पायी चालतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये जमीन सुधारणा झाली, कुळांच्या नावावर लहान लहान तुकडे आले, आणि त्या तुकड्यांत मोठा ट्रॅक्टर वळवायलाही जागा नव्हती. म्हणून १९५० आणि ६० च्या दशकांत हे यंत्र तिकडे गावोगाव पोचलं. आपल्याकडे १९६७ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने मित्सुबिशीच्या सहकार्याने टिलर बनवायला घेतले. कोकणातल्या भातखाचरांत ते चालले, आणि आमच्या नाशिककडे द्राक्षांच्या दोन ओळींमधूनही चालले. आमचा टिलर कोणत्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही. पुढे जी चूक सांगणार आहे ती कंपनीची नव्हती, आमच्या घरची होती.

अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, तो १९९४ साली जुनाच विकत घेतला होता. अण्णांना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून टिलर शेडमध्ये गोणपाटाखाली होता. यंदा पुतण्याने मनावर घेतलं. तो सातपूरला एका कारखान्यात पाळीवर जातो, सुटीच्या दिवशी शेत बघतो. त्याने इंजिन उतरवलं, नवा लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग असं सगळं आणून चार रविवारी जोडलं. रंगसुद्धा दिला. आणि हँडल मारलं तर इंजिन ढिम्म! पुन्हा पुन्हा मारल्यावर एकदाचं लागलं, पण पांढऱ्या धुराचा लोट, आवाज मलूल, आणि पाती जमिनीला टेकवली की गप्प.

उन्हाळ कांद्याची रोपं तयार होत आली होती. वाफे करायचे तर तीन आठवडे हातात. भंगारवाला दोनदा येऊन वजनाने भाव सांगून गेला. पुतण्या म्हणाला, "काका, एवढा रविवार बघतो, नाही तर देऊन टाकू." वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत हे मला आता आठवतं, तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

मग सुरू झाला तपास. पहिल्यांदा सगळे करतात तेच केलं, डिझेलच्या नळीतली हवा काढली. हवा नव्हती. गावातला एक मिस्त्री म्हणाला, नोझल गेला. नवा नोझल आणला, फरक नाही. दुसरा म्हणाला, रिंगा नव्या आहेत, बसायला वेळ लागतो, चालवत राहा. पण चालेल तर चालवू ना! तिसऱ्याने हेडचं पॅकिंग संशयित ठरवलं. हेड उघडलं, पॅकिंग बदललं, टॅपेटची फट मोजली. सगळं जिथल्या तिथे. हँडल फिरवताना दाबही चांगला लागत होता, पिस्टन वर येताना हँडल असं मागे ढकलायचं की माझ्यासारख्याचा खांदाच निखळावा.

पुतण्या हँडल मारून दमला की आम्ही चहा घ्यायचो आणि मी सवयीप्रमाणे इतिहास सुरू करायचो. यंत्रातलं त्याला माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त कळतं. पण हे यंत्र आपल्या शेतापर्यंत आलं कसं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही शाळेत कधी सांगितलं नाही. हरितक्रांतीचा धडा मी किती वर्षं शिकवला! सुधारित बियाणं, रासायनिक खत, सिंचन. सिंचन हा एक शब्द. तो फळ्यावर लिहिला आणि पुढे गेलो. ते पाणी विहिरीतून वर कुणी काढलं हे ना पुस्तकात होतं, ना मी विचारलं. आणि मी तर त्याच विहिरीवर वाढलेला!

आमच्या विहिरीवर १९६४ पर्यंत मोट होती. बैल धावेवरून मागे येत, कातडी मोट पाण्यात बुडे, मग बैल पुढे चालले की नाडा करकरत मोट वर येई. पहाटेपासून चाललं तरी दिवसाकाठी भिजून भिजून किती भिजणार? मग वडिलांनी कर्ज काढून पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्कर इंजिन आणलं. बैलगाडीतून ते उतरवताना सगळी आळी जमली होती. मी चौदा वर्षांचा. मिस्त्रीने हँडल मारलं, इंजिन धडधडलं आणि पाइपातून पाण्याचा जो लोट बाहेर पडला त्याकडे आई नुसती बघत राहिली. त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्याकडे पहिल्यांदा गहू झाला, आणि मोटेमागे चालायचे अण्णांचे पाय मोकळे झाले. शाळा मात्र त्यांची आधीच सुटली होती, सातवीत. माझी सुटली नाही, यात त्या इंजिनाचा वाटा किती, हा हिशोब मी कधी मांडला नव्हता.

हे यंत्र मुळात शेतकऱ्यासाठी नव्हतंच. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं ते माणसाहून उंच होतं. त्यात इंधन आत फवारायला दाबाची हवा लागे, त्या हवेसाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. कारखान्यात, जहाजावर ते ठीक, विहिरीवर कुठे ठेवणार? डिझेल स्वतः १९१३ साली इंग्लंडला जाताना बोटीवरून समुद्रात नाहीसा झाला. हे इंजिन लहान झालं ते इंधनपंपामुळे. बॉश कंपनीने १९२७ पासून डिझेलचे पंप मोठ्या प्रमाणावर काढले. मुठीत मावेल असा पंप डिझेल इतक्या दाबाने ढकलतो की हवेची गरजच उरत नाही. नोझलमधून धुक्यासारखा फवारा उडतो आणि दाबाने पाचशे अंशांच्या वर तापलेल्या हवेत तो आपोआप पेटतो. ठिणगी नाही, काडी नाही. फक्त एक अट आहे. तो फवारा नेमक्या क्षणी उडायला हवा, पिस्टन वर पोचण्याच्या जरासं आधी. ही अट मी पुतण्याला शिकवल्याच्या थाटात सांगितली, आणि दोघंही चहा पिऊन पुन्हा नोझलकडे वळलो. असो!

महाराष्ट्रात तेल-इंजिनाची गोष्ट नांगरापासून सुरू होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला तेव्हा तो घ्यायला कुणी तयार नव्हतं, लोखंडाने जमिनीत विष उतरेल अशी लोकांची समजूत. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. तिकडे साताऱ्याजवळ धनजीशहा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला, तोही नांगरांनीच सुरू झाला आणि १९३० च्या दशकात डिझेल इंजिनांपर्यंत आला. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान होते. (तेव्हा प्रांताच्या मुख्य मंत्र्याला पंतप्रधान म्हणत. परीक्षेत हा प्रश्न मी हमखास टाकायचो, पण हे गृहस्थ इंजिनं करायचे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.) मग १९४६ साली पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, खडकीला कारखाना झाला. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आलेले. त्यांच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईक होतं ते आमच्या वडिलांसारखं. आमच्या विहिरीवर आलं ते एव्ही-वन, ८० मिलिमीटरचा सिलिंडर, ११० चा स्ट्रोक, मिनिटाला दीड हजार फेरे. हे आकडे अण्णांना पाठ होते. मला पानिपतचं साल पाठ, त्यांना हे.

पण माझ्या मते खरी गंमत कारखान्यात झाली नाही, कारखान्याबाहेर झाली. इंजिन बिघडलं तर पुण्याहून माणूस कोण आणणार? गावोगाव मिस्त्री तयार झाले. कुणी लोहाराचा मुलगा, कुणी एसटीच्या डेपोत काम केलेला. इंग्रजी पुस्तिका त्यांना वाचता येत नव्हती, पण स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते बेअरिंग की पिस्टन हे सांगत. राजकोटला जुन्या विलायती लिस्टर आणि पेटर धर्तीची इंजिनं बनू लागली, तिथून लायनर-पिस्टन येऊ लागले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतीव काम होऊ लागलं. आणि नोझल? ते तर आमच्या दारात! बॉशच्या भागीदारीतली मायको कंपनी १९५१ साली बंगळूरला निघाली होती. तिचा नाशिकचा कारखाना १९७० च्या आगेमागे सातपूरला उभा राहिला आणि तिथे नोझल होऊ लागले. नोझलची सुई आणि तिचं घर यांत फट असते दोनचार मायक्रॉनची, माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. २००८ साली कंपनीचं नाव बॉश झालं, पण आमच्याकडचे लोक अजून मायकोच म्हणतात. सातपूरच्या पाळ्या करून संध्याकाळी कांद्याला पाणी भरणारी माणसं या पंचक्रोशीत किती होती याची मोजदाद नाही.

म्हणजे बघा, एखादं इंजिन पाचदहा वर्षांनी उघडून पुन्हा जोडलं की ते मूळ कंपनीचं राहतच नाही. लायनर एका गावचा, नोझल दुसऱ्या, बेअरिंग तिसऱ्या, आणि जोडणारा चौथ्याच गावचा. गुजरातेत अमरेली जिल्ह्यात मनसुखभाई जगाणींनी तर १९९४ मध्ये मोटारसायकलचं मागचं चाक काढून तिथे शेतीची अवजारं लावली, 'बुलेट सांती' म्हणून ती प्रसिद्ध झाली. लहान शेतकऱ्याला परवडेल असा ट्रॅक्टर कुणी करून दिला नाही तेव्हा तो त्याने असा स्वतः जोडला.

एकलहऱ्याच्या बाबतीत तर याला आणखी एक कडवट किनार आहे. आमच्या गावाला औष्णिक वीज केंद्र आहे. १९७० च्या सुमारास पहिला संच सुरू झाला, १९७९ ते ८१ मध्ये २१० मेगावॉटचे तीन संच आले. गंगेचं पाणी (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो), कोळशाच्या गाड्या, उंच चिमण्या. वडिलांना वाटलं, आता इंजिन विकू, मोटर बसवू. १९७३ च्या अखेरीला अरब देशांनी तेलाचे भाव चौपट केले होते, डिझेल परवडेना, तेव्हा हा विचार बरोबरच होता. मोटर बसवली. अण्णांनी मात्र इंजिन विकू दिलं नाही. आणि पुढे भारनियमन आलं! २००५ नंतरची ती वर्षं आठवा. चिमणीच्या टोकाचे लाल दिवे शेतातून दिसायचे आणि विहिरीवरची मोटर बंद. शेतीची वीज यायची ती रात्री, सापविंचवांच्या वेळी. त्या दिवसांत अण्णांनी जुनं इंजिन पुन्हा जोडलं आणि आजूबाजूच्या चार विहिरींनाही पाणी दिलं.

तर तिसऱ्या रविवारी आम्ही हताश बसलो होतो. वहिनी चहा घेऊन आल्या. मी सहज म्हणालो, "अण्णा असते तर नुसत्या आवाजावरून सांगितलं असतं." वहिनी म्हणाल्या, "आवाजावरून कशाला, भाऊजी? ते तर सगळं वहीत लिहून ठेवायचे."

"कोणत्या वहीत?"

"इंजिनाच्या. माझ्या पेटीत आहे. तुम्ही दोघांनी मला विचारलंच नाही कधी."

काय बोलणार? पस्तीस वर्षं मुलांना सांगत आलो, पुरावा बघा, समकालीन कागद बघा, ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांना विचारा. आणि इथे तीन मिस्त्रींची मतं गोळा करत बसलो. ज्या बाईने चोवीस वर्षं त्या टिलरला डिझेलचा डबा नेऊन दिला, रात्री पंप उघडला की कंदील धरला, तिला एका शब्दाने विचारलं नाही.

वही लांब कागदाची, वरचा पुठ्ठा तेलाने काळा. आत अण्णांचं मोठं, टेकून लिहिलेलं अक्षर. तारीख, किती लिटर डिझेल, किती तास, ऑइल कधी बदललं. मधेच कांद्याचा भाव. मधेच "भाऊ आला होता". आम्ही पान पान वाचत गेलो. पुतण्या घाईत होता, मला घाई करवेना. जून १९९८ च्या पानावर हे सापडलं:

"पंपाला तेल गळते म्हणून खाली पुठ्ठ्याचे पॅकिंग घातले. पांढरा धूर, दम नाही. दोन दिवस फुकट. पॅकिंग काढले. खाली शिम २ च पाहिजे. जास्त नको."

पुतण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. कारण त्यानेही तेच केलं होतं! इंधनपंप जिथे इंजिनाला बसतो तिथे त्याच्या खाली शिम असतात, म्हणजे कागदासारखे पातळ पत्रे. पंप कॅमपासून किती अंतरावर बसणार ते त्या ठरवतात. जाडी वाढली की पंप वर उचलला जातो, कॅमचा धक्का त्याला उशिरा लागतो आणि फवारा उशिरा उडतो. पुतण्याने दोन्ही शिम जपून परत घातल्या होत्या, पण तेलाचा ओघळ थांबावा म्हणून वर पुठ्ठ्याचं पॅकिंगही कापून लावलं होतं. पुठ्ठा कुठला? मीच दिलेला. जुन्या हजेरीपटाचा. मुलं उशिरा आली की ज्यात लाल शेरा मारायचो, त्याच हजेरीपटाने इंजिनाला उशीर करवला!

तरी पुतण्याने आंधळा विश्वास ठेवला नाही, हे मला आवडलं. पॅकिंग काढण्याआधी त्याने तपासून पाहिलं. पंपाची वरची नळी सोडली, फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवलं, मी तोंडाशी टॉर्च धरून डिझेलकडे बघत बसलो. ज्या क्षणी तिथलं डिझेल हललं तिथे फ्लायव्हील थांबवलं. फवाऱ्याची खूण कधीच मागे पडली होती, पिस्टन जवळजवळ वर पोचला होता. मग पुठ्ठा काढला, दोन शिम स्वच्छ पुसून बसवल्या, ओघळ थांबावा म्हणून शेलॅकचा अगदी हलका हात दिला. पुन्हा मोजलं. खूण बरोबर काट्यासमोर.

दुसऱ्या हँडलला इंजिन लागलं. थोडा धूर आला आणि विरला. तो आवाज ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि ओट्यावर बसून राहिल्या. पुतण्याने टिलर शेडबाहेर काढला, बांधापर्यंत नेला, पाती सोडली. काळी माती उलटी होत गेली.

कांद्याचे वाफे झाले, लागवड गेल्या आठवड्यात उरकली. टिलर सध्या तरी भंगारात जात नाही. पुढे काय ते मला माहीत नाही. पुतण्याची मुलगी पुण्यात शिकते, तिला शेत करायचं नाही, आणि का करावं? गावात पूर्वी डिझेलचं काम करणारे पाच मिस्त्री होते, आता दोन उरलेत, त्यांतला एक बॅटरीच्या रिक्षांकडे वळला आहे. ज्या भावकीत अशी जुनी इंजिनं पडून असतील त्यांना एवढंच सांगणं, भंगारवाल्याला बोलावण्याआधी घरातल्या पेट्या बघा आणि वहिनींना, आत्यांना, आजींना विचारा. एखादी वही सापडली तर मला फोटो काढून पाठवा, पान कितीही तेलकट असो.

वही आता माझ्याकडे आहे, वहिनींनी वाचायला दिली आहे. शेवटची नोंद अण्णांची, जायच्या दोन महिने आधीची, "ऑइल बदलले". त्याखाली चार ओळी सोडून पुतण्याने तारीख घातली आणि पेन माझ्या हातात दिलं, "काका, तुमचं अक्षर चांगलं आहे." मी लिहिलं: "लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवे. पंपाखाली पुन्हा पुठ्ठा घातला होता, काढला. शिम २."